आठ बाय सहाची मोकळी जागा

२ मार्च २००६, गुरुवार

ही वही फक्त माझ्या कादंबरीसाठी होती. कादंबरीत घटना नाही, पात्रं नाहीत, विरामचिन्हं नाहीत. सध्या पानंही नाहीत. पण आज सुधाकर सरांनी बोलावून असं काही अंगावर टाकलंय की वही दुसऱ्या कामाला लावावी लागणार.

सर भूगोलाचे विभागप्रमुख. मी त्यांच्या प्रकल्पावर गेल्या जूनपासून सहाय्यक. म्हणजे वसईच्या किनारपट्टीतल्या अठरा विहिरींत मीटर बुडवायचा, पाण्यात मीठ किती ते वाचायचं, वहीत मांडायचं. नाव सरांचं, पाय माझे.

"जितेश, पंचवीस तारखेला आपल्याच कॉलेजात राज्यस्तरीय परिषद. आपलं पोस्टर लागलं पाहिजे. तू लेखकबिखक आहेस ना? मग चार ओळी टाक आणि रंगीत कर."

"सर, विषय विहिरींचाच?"

"मग काय सूर्यमालेचा? पोस्टर झकास झालं तर जूनमध्ये माझ्याकडे पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन. नाही झालं तर तू मोकळा. लिही कादंबऱ्या."

सायबर कॅफेत बसून कुठल्याशा अमेरिकन विद्यापीठाचे नियम उतरवून आणले. शीर्षक दहा फुटांवरून वाचता यावं. शब्द तीनशेच्या आत. मुद्दा एकच, आलेख एकच, मोठा. आणि भरपूर मोकळी जागा. शेवटच्या नियमाखाली मी तीन रेघा मारल्या. मोकळी जागा! अख्ख्या महाराष्ट्रात हे फक्त मला कळतं असं वाटत होतं, तर अमेरिकेलाही कळतं.

५ मार्च, रविवार

सांडोरला गेलो. हरिभाऊंची विहीर माझ्या यादीत सातवी. केळी, भाजी, थोडी पानवेल अशी वाडी आहे. नवराबायको आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलतात, माझ्याशी बोलताना शाळेतली मराठी काढतात. मला वाटतं, ते मला पाहुणा समजतात.

आज हरिभाऊंनी पंपाच्या खोलीतल्या खिळ्यावरून जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा काढला. १९९० ते २००५. सोळा. दर अमावास्येला हा माणूस ओंजळीत विहिरीचं पाणी घेतो, एक घोट चाखतो आणि त्या चौकोनात लिहितो. गोड असेल तर 'गो', मचूळ असेल तर 'म', खारट असेल तर 'खा'. आधी त्यांचे वडील खोलीच्या भिंतीवर कोळशानं लिहायचे. नव्वद साली लग्नासाठी घर रंगवलं आणि वडिलांचा सगळा हिशोब चुन्याखाली गेला. तेव्हापासून कॅलेंडर.

"अमावास्येलाच का?" मी विचारलं.

"त्या दिवशी उधाण असतं. समुद्र आत ढकलतो. त्या दिवशी गोड, तर महिनाभर गोड."

सत्त्याण्णवपर्यंत सगळे 'गो'. मग कुंपणापलीकडच्या विहिरीवर टँकर भरायला लागले. अठ्ठ्याण्णवपासून 'म'. दोन हजार तीनपासून 'खा'. पानं चाळली की आपोआप दिसतं, मीटरची गरज नाही. (हे सरांना सांगायचं नाही.)

जयवंतीकाकूंनी हातावर सुकेळी ठेवली. वसईची सुकवलेली केळी, मधासारखी.

"खा. बहिणीकडची आहे. आपल्या राजेळीचा घड आता भरतच नाय. सुकवायचं काय, पानं?"

हरिभाऊ मात्र कामाचं बोलले. पलीकडच्या विहिरीचा परवाना मे अखेरीस संपतोय. नव्या परवान्यावर भूजल खात्याच्या साहेबाची सही लागते. तोच साहेब आमच्या परिषदेचा प्रमुख पाहुणा.

"तीन अर्ज दिले. अर्ज कोण वाचतं? पण भिंतीवर मोठं लावलेलं माणूस बघतो. त्याला दिसेल असं लिही, जितेश. परवाना पुन्हा झाला की मी संपलो. वाडी विकायची. बिल्डर रोज कुंपणाला टेकून उभा असतो, जावयासारखा."

कॅलेंडरं गोणपाटाच्या पिशवीत भरून दिली. म्हटलं, काका, निश्चिंत राहा, माझ्याकडे फॉर्मची जाण आहे. ते म्हणाले, "फॉर्म नको भरू. चित्र काढ."

८ मार्च, बुधवार

चंदनसारला आमच्या बिल्डिंगखाली सकाळी टँकर आला. चार मजले, एक टँकर, बत्तीस बायका. पाठीवर 'रामनाथ वॉटर सप्लाय' आणि खाली 'पाणी हेच जीवन'. रामनाथशेठ म्हणजे आमच्या कॉलेजचे ट्रस्टी. टँकर, रेती, लग्नाचा हॉल, उच्च शिक्षण, अशी त्यांची चौफेर समाजसेवा.

आई म्हणाली, "पुन्हा चहा फाटला. पूर्वी हे पाणी किती गोड यायचं. वसईकडच्या वाड्यांचं म्हणे. आता बघ, मेलं, डाळ शिजत नाही."

"गॅस मंद ठेव," मी म्हटलं. डोक्यात शीर्षकाचा फाँट चालला होता.

पहिला आराखडा सरांना दाखवला. मधे मोठा आलेख, सत्त्याण्णववर उभी लाल रेघ, रेघेवर 'टँकर सुरू'. बाजूला दोनशे ऐंशी शब्द. सरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"फोटो कुठायत?"

"विहिरीचा आहे ना सर."

"माणसांचे रे! डावीकडे रामनाथशेठ, उजवीकडे प्राचार्य, मधे मी. आधी देव, मग कुलदैवत, मग यजमान. लग्नपत्रिका बघितली नाहीस कधी? आणि हे चार बाय तीन काय? आठ बाय सहा कर."

"नियमात चार बाय तीनच आहे."

"नियम बाहेरच्या कॉलेजांसाठी."

१० मार्च, शुक्रवार

होळी बाजारात व्हॅलेरियनचं फ्लेक्सचं दुकान. वसईतल्या कुणाचाही वाढदिवस, बारसं, श्रद्धांजली आणि चर्चचा सण त्याच्या कॉम्प्युटरमधून जातो. मी तीन फोटो म्हटल्याबरोबर त्यानं तयार फाईल उघडली. 'लाडके नेतृत्व' काढलं, 'क्षारतेचा अभ्यास' टाकलं. फोटो चपखल बसले. रामनाथशेठ तर आधीच फाईलमध्ये होते, हात जोडून.

"तुला यातलं काय दाखवायचंय?" व्हॅलेरियननं विचारलं.

आलेख दाखवला.

"मग हाच मोठा कर ना, बॉस. बाकी सगळं काढ. मी एकच गोष्ट शिकलोय, चालत्या रिक्षातल्या माणसाला वाचता आलं पाहिजे. तो थांबत नाय कोणासाठी."

मला थोडा राग आला. अमेरिकन विद्यापीठानं जे सांगितलं तेच हा बनियनवर बसून सांगत होता. ज्ञानाला काही पायऱ्या असतात की नाही?

१३ मार्च, सोमवार

काल रात्री सुचलं. कोलाज! विहिरीला पाणी सगळ्यात कमी कधी? मे महिन्यात. मग सोळा कॅलेंडरांमधली फक्त मेची पानं फाडायची आणि ओळीनं लावायची. एकच महिना, सोळा वर्षं. ना आलेख, ना शब्द. फाडलीही. कला त्याग मागते. (कॅलेंडरं हरिभाऊंची, हा तपशील.)

सरांसमोर टेबलावर मांडली. एका पानावर हळदीचा डाग होता, एकावर 'गॅस नोंदवला' असं काकूंच्या अक्षरात.

"हा कचरा आहे," सर म्हणाले. "चाखून संशोधन होतं का? उद्या हुंगून भूकंप मोजशील." मग आलेखाकडे वळले. "आणि ही लाल रेघ काढ."

"सर, टँकर सुरू झाले आणि लगेच—"

"कावळा बसला आणि फांदी तुटली. म्हणून कावळ्यानं तोडली का?"

मी थक्क झालो. कार्यकारणभावावरची सबंध पाश्चात्त्य चर्चा सरांनी एका कावळ्यात बसवली. रेघ काढली. मेची पानं रबर लावून पिशवीत परत टाकली.

१८ मार्च, शनिवार

आठवडाभर संपादन. सरांची नजर बारीक आहे, मानलं पाहिजे. 'खारट' चं 'चवीतील परिवर्तन' झालं. 'सांडोर' चं 'विहीर क्र. ७' झालं. मग क्रमांकही गेला, कारण सात म्हटलं की लोक पहिल्या सहा विचारतात. आलेख मंगळवारी वहीएवढा होता, बुधवारी पोस्टकार्डाएवढा, काल तिकिटाएवढा. आज सर म्हणाले, एवढा बारीक असेल तर वाचणार कोण? काढून टाक.

बरोबरच होतं. वाचता न येणारा आलेख ठेवू नये, असं अमेरिकन नियमांतही आहे.

आता वर तीन फोटो, खाली आभार (एकशे दहा शब्द), आणि मधे पाच फूट पांढरं. मला वाटलं सर ओरडतील. मी घाईघाईनं मोकळ्या जागेचं तत्त्व सांगितलं, की रिकामेपण बोलतं, बघणारा आपला अर्थ भरतो. सर चक्क उठून उभे राहिले.

"जितेश, तुझ्यात स्पार्क आहे. ह्या पांढऱ्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही."

परिषदेचा मांडव, जेवण आणि पाण्याची सोय रामनाथशेठ स्वतः करताहेत, हेही सरांनी सांगितलं. दिलदार माणूस. एवढा व्याप सांभाळून विहिरींच्या परिषदेला पाणी पुरवतो.

२१ मार्च, मंगळवार

फ्लेक्स घ्यायला गेलो. व्हॅलेरियननं दुकानासमोर रस्त्यावरच पसरलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मधलं काय झालं? लोक बोलतील माझ्या मशीनची शाई संपली."

"ती मोकळी जागा आहे. मुद्दाम."

"फोटो आहे, हात जोडलेत, मजकूर नाय. बॉस, ही श्रद्धांजली आहे. फक्त कोण गेलं ते लिहायचं राहिलंय."

याला नवं काही कळत नाही. गुंडाळून घेऊन आलो.

२५ मार्च, शनिवार

बक्षीस! 'उत्कृष्ट मांडणी', पहिला क्रमांक. बाकीच्यांची पोस्टरं म्हणजे भिंतीला चिकटवलेले प्रबंध. भूजलवाले साहेब माझ्यासमोर चाळीस सेकंद थांबले, मी घड्याळ लावलं होतं. म्हणाले, "सुटसुटीत आहे. डोळ्यांना त्रास नाही." रामनाथशेठनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं जेवायला गेले.

मग हरिभाऊ आणि काकू आले. हरिभाऊ इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, काकूंच्या केसांत सोनचाफा. पोस्टरसमोर उभे राहिले. हरिभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माझी विहीर कुठाय?"

"काका, ती इथेच आहे. ह्या मोकळ्या जागेत. थेट दाखवली नाही, सुचवली आहे."

"सुचवली?" काकू म्हणाल्या. "मग पाणी पण सुचवलेलंच प्यायचं का आता?"

हरिभाऊ जेवणाच्या मांडवाकडे बघत राहिले. तिथे जायला गळ्यात बिल्ला लागत होता. साहेब तिथून मागच्या दारानं गाडीत बसून ठाण्याला गेले, हे त्यांना कळलं तेव्हा चार वाजले होते.

निघताना काकूंनी फ्लेक्सला हात लावून बघितला. कापड बघतात तसा, दोन बोटांत धरून.

"हे आता लागणार का तुला?"

"नाही. बक्षीस मिळालं ना."

"मग दे. मोठं आहे. वाडीत कामाला येईल."

राज्यस्तरीय पोस्टर केळीवर सावली म्हणून जाणार! पण दिलं. कलावंतानं निर्मितीत गुंतू नये.

२६ मार्च, रविवार

कॅलेंडरं परत करायला सांडोरला गेलो. हरिभाऊंनी एकेक उघडून बघितलं. प्रत्येकात एप्रिलनंतर थेट जून. मी पटकन रबर लावलेली सोळा पानं पुढे केली. माफी मागायची वाक्यं तयार होती, त्यात कोलाजबद्दलही थोडं होतं. त्यांनी ऐकली नाहीत.

"मेच का फाडलास?"

"पाणी तेव्हा सगळ्यात कमी म्हणून. एका नजरेत दिसतं."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे तुला समजलं होतं."

काय समजलं होतं ते विचारायचं राहिलं. बस चुकली असती. काकूंनी आज सुकेळी दिली नाही. संपली असेल.

७ मे, रविवार

मधले दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. सरांनी रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरून घेतला. आईनं शेजारी पेढे वाटले, 'आमचा जितेश विहिरींचा डॉक्टर होणार'. चहा अजून फाटतो.

आज मीटर घेऊन सांडोरला गेलो तर वळणावर तीन रिक्षा थांबलेल्या. जिथे टँकर वळतात तिथल्या कुंपणाला माझं फ्लेक्स लावलेलं होतं. उलटं. पाठीची पांढरी बाजू रस्त्याकडे.

त्यावर मेची सोळा पानं, दाभणानं शिवलेली. सहा, सहा आणि चार. अमावास्येच्या चौकोनातलं अक्षर खिडकीच्या ग्रिलच्या तांबड्या रंगानं पानभर मोठं केलेलं. गो गो गो गो गो गो, गो गो म म म म, म खा खा खा. वर एकच ओळ: 'हरिभाऊंची विहीर. मे महिना.' सोळाव्या पानाशेजारी एक चौकोन रिकामा, त्यात वर '२००६' आणि खाली 'चव बघा. तुम्ही लिहा.' खाली स्टुलावर तांब्या आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल.

एक रिक्षावाला चूळ भरून थुंकला आणि चौकोनात लिहिलं, 'खा'. दुसऱ्यानं त्याच्याखाली. चौकोन निम्मा भरला होता.

तटस्थपणे सांगायचं तर मांडणीत असंख्य चुका आहेत. पानं एका रेषेत नाहीत. सारांश नाही, संदर्भसूची नाही, लेखकांची नावं नाहीत. हळदीचा डागही तसाच. रिकामा चौकोन ठेवायची कल्पना मात्र सरळसरळ माझी उचललेली.

मी आत जाऊन दुसरी बाजू बघितली. रामनाथशेठ, प्राचार्य आणि सर, तिघं हात जोडून पिवळ्या पडलेल्या केळींकडे बघताहेत. काकूंच्या टाक्याचा सुतळीचा दोरा रामनाथशेठच्या मिशीतून निघून सरांच्या कानात गेला आहे.

"काकू, माझ्या पोस्टरचं हे काय केलंत?"

"पाठ वापरली, बाबा. तोंडाचा काय उपयोग नव्हता."

२७ मे, शनिवार

सकाळी सरांचा फोन. इतकं मोठ्यानं की आईनं ओट्यापाशी ऐकलं.

"ते पोस्टर कुणाचं आहे? मागे आमचे फोटो आहेत, गाढवा! शेठना त्यांच्याच ड्रायव्हरनं सांगितलं. म्हणे, साहेब, तुमच्या मिशीत सुतळी आहे. एका पेपरवाल्यानं फोटो छापला म्हणून तो भूजलवाला आज चार वाजता जागेवर येतोय. त्याच्याआधी काढून आण. नाहीतर रजिस्ट्रेशन विसर."

अडीचला पोचलो. खिशात कात्री होती. आज अमावास्या आहे हे माझ्या लक्षातही नव्हतं. हरिभाऊ विहिरीतून ताजं पाणी काढून तांब्यात ओतत होते. कात्री बघितली त्यांनी. बाजूला झाले. काकू झाल्या नाहीत.

"काढ. पण आधी चव बघ. वर्षभर मीटर बुडवतोस, तोंड कधी बुडवलंस?"

मी एक घोट घेतला.

ही चव मला माहीत होती. रोज सकाळची. आमच्या चहाची.

तेवढ्यात पलीकडून टँकर भरून निघाला. ड्रायव्हरनं मला ओळखून हात केला. आमच्याच बिल्डिंगला पाणी आणणारा तो. पाणी हेच जीवन.

चौकोनात जागा उरली नव्हती. मी समासात लिहिलं. 'खा'. मग सवयीनं शेजारच्या दोन पानांच्या कडा ओढून सरळ करायचा प्रयत्न केला. होत नव्हत्या. काकू म्हणाल्या, "राहू दे वाकडं." कात्री परत खिशात टाकली आणि चारच्या आत निघून आलो. मी शूर नाही, हे इथे लिहून ठेवतो. साहेबाच्या समोर उभा राहायची माझी हिंमत नव्हती.

२ जून, शुक्रवार

व्हॅलेरियनकडून कळलं. साहेबांनी पाणी तोंडात घेतलं आणि गिळायचं की थुंकायचं ते ठरेना, कारण समोर दोन कॅमेरे होते. शेवटी गिळलं. परवान्यावर सही केली नाही. रद्दही केला नाही. 'चौकशी होईपर्यंत स्थगित'. हरिभाऊंनी म्हणे बिल्डरला कुंपणावरून उठवलं.

सरांनी फॉर्म परत पाठवला. वर पेन्सिलीनं 'जागा नाही'.

आज चौथा दिवस, बिल्डिंगला टँकर नाही. जिन्यात बायकांचा दंगा. सगळ्यात मोठा आवाज आईचा.

"सांडोरच्या कुणा मेल्यानं पोस्टर लावलं म्हणे! त्याचं तळपट होवो! एका पोस्टरनं टँकर बंद? असं काय लिहिलंय त्यात, जितेश? तुमच्या कॉलेजातलं आहे का?"

"नाही. कॉलेजातलं नाही."

"बघितलंस तू?"

"बघितलं. अगदी साधं आहे. चालत्या रिक्षातून वाचता येतं."

आईनं माझ्याकडे बघितलं, हरिभाऊंनी बघितलं होतं तसंच, बराच वेळ. मग आत गेली आणि घरातल्या सगळ्या बादल्या आणून दाराशी ठेवल्या. मोठी, मग तिच्याहून लहान, मग त्याहून लहान. सात बादल्या, एका रेषेत, सगळ्या रिकाम्या.

मांडणी उत्कृष्ट होती.